वाढत्या अंगाचे बूट

गुरुवारी सकाळी सविताने एकाच शर्टाला दोन डाव्या बाह्या लावल्या. बावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. काज-बटणाचं काम करणाऱ्या जुबेदाने तो शर्ट उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "भाभी, हे पोरगं दोन्ही हात एकाच बाजूने घालणार काय?"

सविताने शर्ट ओढून घेतला आणि उसवायला बसली.

"डोकं कुठंय तुमचं?"

"अर्धं मुंबईला, अर्धं पुण्याला."

"मग दीपनगरात कोण बसलंय मशीनवर? म्हणूनच बाह्या अशा."

एप्रिल महिना होता. शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे छतापर्यंत गेले होते, कूलर नुसती गरम हवा फेकत होता, आणि वीज केंद्राच्या धुराड्यांची राख नेहमीसारखी काउंटरवर बसत होती. अशा दिवसांत सविता मान वर करत नसे. आता मात्र दर पाच मिनिटांनी तिची नजर फोनकडे जात होती. मुंबईच्या बॅले अकादमीने उत्तरासाठी सोमवारी दुपारी बारापर्यंत मुदत दिली होती. पुण्याच्या बॅले शाळेच्या बाई शनिवारी जळगावला येणार होत्या. मध्ये एक शुक्रवार आणि एक रविवार. एवढ्यात चौदा वर्षांच्या पोरीचं पुढचं सगळं ठरवायचं होतं, आणि त्या विषयातलं सविताला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

तिला कळायचं ते कापडातलं. एरंडोलला वडिलांच्या मशीनच्या पायडलशी बसून ती शिकली आणि लग्न होऊन दीपनगरला आल्यावर कॉलनीच्या बाजारात तिने स्वतःचा गाळा टाकला. तिच्याकडे गर्दी व्हायची त्याचं कारण शिलाईइतकंच दुसरंही होतं. आया पोरांना घेऊन आल्या की एकच वाक्य बोलत, "ताई, वाढत्या अंगाचं शिवा." सविता कमरेत माया ठेवायची, खाली तीन बोटं दुमड ठेवायची, बाह्या आतून मुरडून द्यायची. दर वर्षी थोडं उसवलं की गणवेश पुन्हा अंगासारखा. पाचवीत शिवलेला झगा आठवीपर्यंत नेलेल्या मुली कॉलनीत होत्या. पहिलं वर्ष पोरं पोत्यात बसल्यासारखी दिसत, पण त्याला कोणी नाव ठेवत नसे. अंगाबरोबर शिवून घेणाऱ्या बाईलाच लोक उधळी म्हणत.

तिच्या पोरीचं, उत्पलाचंही सगळं वाढत्या अंगाचंच होतं. फ्रॉक, स्वेटर, सायकल, चपला.

बॅले तिच्या आयुष्यात आलं ते वीज केंद्रातल्या एका साहेबांच्या बायकोमुळे. या बाई लहानपणी मुंबईत बॅले शिकलेल्या होत्या. दुपारी वेळ जाईना म्हणून त्यांनी लेडीज क्लबच्या हॉलमध्ये वर्ग काढला. कॉलनी त्यांना 'बॅले मॅडम' म्हणायची. पहिल्या महिन्यात चौदा मुली आल्या. दिवाळीपर्यंत पाच उरल्या आणि दुसऱ्या वर्षी एकटी उत्पला. तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिच्या वडिलांनी, धम्मपालने, आपल्या प्लान्टच्या वर्कशॉपमधल्या दोस्ताकडून पाइपाला कड्या वेल्ड करून घेतल्या आणि तो दांडा हॉलच्या भिंतीत स्वतः बसवला. त्या दांड्याला धरून पोरगी सहा वर्षं रोज पाय वर-खाली करत आली. हातवारे नाहीत, ठुमका नाही, पुष्कळदा गाणंही नाही. सविताला आधी वाटलं, कंटाळेल. ती कंटाळली नाही.

मागच्या जूनमध्ये साहेबांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत असताना मॅडम सविताला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "हिला नीट शाळेत घाला, जिथं हेच शिकवतात तिथं. आणि ते टोकावर उभं राहायचे पॉइंट शूज घाईने आणू नका. आधी एखाद्या शिक्षिकेला पाय दाखवा."

सविताने मान हलवली होती. पण शिक्षिका आणायची कुठून? भुसावळात नव्हती, जळगावात नव्हती, धुळ्याला एक नाव कळलं तर तो झुंबाचा क्लास निघाला. पोरगी मोबाइलवर बघून बघून शिकत राहिली. जानेवारीत तिचा वाढदिवस आला आणि तिने दुसरं काही मागितलं नाही. सविताने कंपनीच्या तक्त्यावर पाऊल मोजलं, नंबर काढला आणि हिशेबाने एक नंबर मोठे गुलाबी सॅटिनचे पॉइंट शूज मागवले. पुढची रिकामी जागा भरायला तिने गणवेशाच्या निळ्या चौकडीच्या तुकड्यात कापूस भरून, बारीक टाके घालून दोन छोट्या गाद्या शिवल्या. हात फिरवून पाहिल्या. कुठे गाठ नाही, सुरकुती नाही. दोन वर्षं बघायला नको, असं तिला समाधान वाटलं होतं.

त्या बुटांत उत्पला मिनिटभर टोकावर उभी राहिल्याचा व्हिडिओ धम्मपालने काढला, मुंबईला पाठवला, आणि आठव्या दिवशी पत्र आलं. थेट सीनियर बॅच. डिसेंबरमध्ये स्टेजवर. हॉस्टेलची सोय. धम्मपालने प्लान्टमध्ये सगळ्या शिफ्टला पेढे वाटले.

सविताने ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावर अकरा प्रश्न लिहून मुंबईला फोन लावला होता. दहावीच्या परीक्षेचं काय? दिवसात किती तास नाचायचं? पाय मुरगळला तर कोण बघतं? हॉस्टेलमध्ये बाई असते का? तिकडची मुलगी फार गोड बोलायची. "डोन्ट वरी मॅडम, ते सगळं होऊन जातं." अकरा प्रश्नांना अकरा डोन्ट वरी. फोन ठेवला तेव्हा वहीतल्या एकाही प्रश्नापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

पुण्याचं उलटं. सविताने चौकशी केल्यावर तिथून आलेला फॉर्मच चार पानी होता. आईची उंची, वडिलांची उंची, मुलगी वर्षात किती वाढली, पाळी कधी सुरू झाली, कुठे दुखतं का. खाली लिहिलं होतं, बाई सुट्टीच्या शिबिरासाठी जळगावला येत आहेत, शनिवारी अकराला मुलीला प्रत्यक्ष आणा, आणि तिचे सगळे शूज आहेत तसे बरोबर आणा.

"बूट कशाला बघायचे?" धम्मपाल म्हणाला होता. "नाच बघ ना. पुणेरी चौकशा सगळ्या. तिकडे मुंबईने एका व्हिडिओत हिरा ओळखला."

"एका व्हिडिओतच ना," सविता म्हणाली होती. "मी माप घेतल्याशिवाय कोणाचा लेंगासुद्धा कापत नाही."

"लेंगा आणि बॅले एक आहे का?"

सविताने ऑर्डरची वही मिटली होती.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सासूबाई ओट्यावर चिकूच्या आकाराचा कांदा सोलत बसल्या होत्या. झुंबरबाई उन्हाळ्यात दोंडाईच्याहून महिनाभर यायच्या आणि घरातल्या प्रत्येकाची झडती घ्यायच्या.

"तुनी पोर बठ्ठा दिन पायना नखंले रंग लावस," त्या म्हणाल्या. "लाल रंग. आनि माले इचारस, आजी, बोरोलीन शे का?"

"वय आहे, आई."

"हाई नाच शे का शिक्षा शे? पाय कसा व्हई गयात तिना, दख तरी."

सविताने आत डोकावलं. उत्पला पलंगाची कड धरून एका पायावर उभी होती, दुसरा मागे ताणलेला, मान सरळ. आई दिसताच तिने पाय खाली घेतला आणि मोजे चढवले. बेचाळीस डिग्रीत मोजे. सविताच्या ते नजरेत आलं, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि धम्मपालने हाक मारली, "मग सोमवारची वाट कशाला बघायची? हो म्हणून टाकतो."

"शनिवार होऊ दे," ती म्हणाली.

"मम्मी, मला मुंबईलाच जायचंय," उत्पला आतून ओरडली. "मी सांगून ठेवतेय."

शुक्रवारी सविताने एक फ्रॉक दोनदा कापला आणि जुबेदाने तिला गाळ्यातून बाहेर काढून रसवंतीवर बसवलं.

"माझी अफिफा जळगावला नर्सिंगला गेली तेव्हा मी एकच बघितलं," जुबेदा म्हणाली. "कोण तिला नाही म्हणू शकतं. जिथं सगळे हो हो म्हणतात तिथं पोरगी मांजर होते, भाभी. लाडावते नि उपाशी मरते."

"तुम्हाला सोपं वाटतं."

"सोपं कुठलं? आठ दिवस रडली ती. मी तर पंधरा."

शनिवारी मायलेकी भुसावळहून गाडीने जळगावला गेल्या. धम्मपालने ड्यूटी आहे म्हणून सांगितलं. ड्यूटी नव्हती. स्टेशनवरून रिक्षाने एका शाळेच्या हॉलमध्ये पोचल्या तर दाराशी वीसेक चपला, आत पंखे, आणि पुण्याच्या बाई. पन्नाशीच्या, काटकुळ्या, सुती सलवारीत. त्यांनी उत्पलाला खिडकीच्या गजाला धरून उभं केलं आणि अर्धा तास साधेसाधे पाय करायला लावले. स्वतः जमिनीवर बसून त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या, फक्त घोट्यांकडे. सविताला ते ओळखीचं वाटलं. तीसुद्धा ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसे.

"दांड्यावर कोणी शिकवलंय?"

उत्पलाने बॅले मॅडमचं नाव सांगितलं.

"चांगलं शिकवलंय. आता बूट दाखव."

उत्पला खुलली. गुलाबी बूट घालून, फिती बांधून ती टोकावर चढणार इतक्यात बाई म्हणाल्या, "चढायचं नाही. नुसती उभी राहा." त्यांनी टाचेमागचं कापड चिमटीत धरलं. चिमटीत बरंच कापड आलं. मग पुढून अंगठ्याने दाबलं.

"काढ."

बुटात दोन बोटं घालून त्यांनी निळ्या चौकडीची गादी बाहेर काढली आणि तळहातावर ठेवली. सविताला स्वतःचे टाके ओळखू आले. घामाने कापूस चपटा झाला होता आणि एका कडेला तपकिरी डाग पडला होता.

"हे कोणी घेतले?"

"मी," सविता म्हणाली.

"एक नंबर मोठे आहेत."

"हो. वाढत्या अंगाचे घेतले."

कोणीतरी हसेल असं तिला वाटलं. बाई हसल्या नाहीत. "या बुटाने पाय सगळ्या बाजूंनी घट्ट धरायचा असतो, म्हणजे मुलगी त्याच्यात वर उभी राहते. सैल असला की पाय आतून घसरतो आणि सगळं अंग बोटांच्या नखांवर येतं. किती दिवस घालते?"

"जानेवारीपासून."

"रोज?"

सविताने मुलीकडे पाहिलं. उत्पला खाली बघत होती.

बाईंनी पर्समधून छोटी बाटली आणि कापूस काढला आणि उत्पलाच्या अंगठ्याचा लाल रंग पुसला. खाली नख काळंनिळं होतं. दुसऱ्या पायाचंही. शेजारच्या बोटाचं नख मुळाशी सुटलं होतं.

तीन महिने सविता त्या लाल नखांकडे बघत होती आणि पोरगी वयात आली म्हणून मनात हसत होती.

"बघा," बाई म्हणाल्या, "मुलगी मला हवी आहे. पण हे बूट वर्षभर बंद. पायाचा एक्स-रे काढून आणायचा. मऊ चपलांत, अकरा वर्षांच्या मुलींबरोबर, पहिल्यापासून. शाळा सोडायची नाही, दहावी तिथूनच द्यायची. आठवड्यातून सहा दिवस. वर्षाने बघू. उंची फार वाढली किंवा पाय साथ देईना, तर मी तेव्हाही नाही म्हणेन. आत्ता मी कसलाच शब्द देत नाही."

"मुंबईवाल्यांनी मला सीनियर बॅचला घेतलंय," उत्पला म्हणाली.

"मी दुसऱ्यांच्या संस्थेबद्दल बोलत नाही," बाई म्हणाल्या आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

जळगाव स्टेशनवर परतीची गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. बाकावर ऊन सरकत सरकत मांडीवर आलं तरी दोघी उठल्या नाहीत. बुटांची पिशवी दोघींच्या मध्ये होती.

"सांगितलं का नाहीस?" सविताने विचारलं.

"सांगितलं असतं तर काढून घेतले असतेस."

"घेतलेच असते."

"मग?" उत्पला वळली. डोळे सुजले होते. "मोठे तूच आणलेस ना? माझा नंबर तुला माहीत होता. तूच मोजलास. एकदा तरी माझ्या मापाचं काही आणलंयस का? सगळ्या मुली हसायच्या मला, युनिफॉर्म वाळत घातल्यासारखा दिसतो म्हणून. आता त्या अकरा वर्षांच्या पोरींत मला उभी करणार. तुझ्यामुळे."

पाण्याची बाटली विकणारा दोनदा समोरून गेला. सविताने पिशवी मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली. तिला म्हणायचं होतं की तुझे बाबा शिफ्टमध्ये आणि मी मशीनवर, त्यातून असंच येतं घरात सगळं. पण ते खरं असूनही इथे उपयोगाचं नव्हतं.

"हो. माझ्यामुळे," ती म्हणाली.

मग तिने फोन काढला आणि मुंबईला लावला. स्पीकर चालू केला.

"येस मॅडम, कन्फर्म करायचं ना?"

"एक विचारायचंय. मुलगी आली की पहिल्या दिवशी काय करणार?"

"डायरेक्ट डिसेंबरच्या शोची प्रॅक्टिस, मॅडम. टोकावरचा डान्स आहे. बारा मुली."

"तिचे पाय कोणी बघणार का आधी?"

"पाय? सरांनी व्हिडिओ बघितलाय ना मॅडम. एकदम परफेक्ट आहे."

"तिच्या पायाची नखं काळी पडलीत."

"ओ, ते सगळ्यांचं होतं मॅडम. डोन्ट वरी. टेप लावतात."

सविताने फोन बंद केला. उत्पला रुळांकडे बघत होती. गाडी आली, दोघी चढल्या. भुसावळला उतरताना मात्र पिशवी उत्पलाने उचलली.

घरी धम्मपाल दारातच उभा होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "म्हणजे पेढे मी कशाचे वाटले?"

"अहो, नखं बघा तिची."

"बघतो की. पण लोकांना काय सांगू? पोरगी नववीतून पाचवीत गेली?"

"तसंच सांगा."

"पुण्याची बाई तर शब्दही देत नाही म्हणतेस. वर्ष फुकट गेलं तर?"

"जाईल," सविता म्हणाली आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. "मला नाही माहीत. खरंच नाही माहीत. पण त्या बाईंनी बुटात हात घालून आतलं बाहेर काढलं. त्या मुंबईवाल्यांनी बूटसुद्धा बघितले नाहीत."

धम्मपालने उत्पलाचा पाय उचलून मांडीवर घेतला. प्लान्टमधले मोठमोठे बेअरिंग आवाजावरून ओळखणारा तो माणूस त्या अंगठ्याकडे बघत बसला. मग उठून अंघोळीला गेला. आतून नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"मी परवदिन सांगेल व्हतं," झुंबरबाई भिंतीला म्हणाल्या.

रविवारी भुसावळला जाऊन एक्स-रे काढून आणला. हाड शाबूत होतं. सविता दिवसभर घरात फिरत राहिली. डबे पुसले, पडदे उतरवले, पुन्हा लावले. पुण्यात तरी पोरगी टिकेल का, की अकरा वर्षांच्या मुलींत मान खाली घालून महिनाभरात परत येईल? आणि परत आली तर आयुष्यभर मुंबईचं नाव काढेल.

सोमवारी ती गाळ्यात आली तेव्हा साडेदहा झाले होते. तिने जमिनीवर खाकी कागद अंथरला, जो पॅटर्न कापायला वापरायची तो. पुण्याहून मेसेज आला होता. येणार असाल तर मऊ चपलांसाठी पावलाचा आखलेला नकाशा पाठवा, दोन्ही पायांचा, उभं राहून. ती वाट बघत बसली. जुबेदा सुईत दोरा ओवत राहिली.

साडेअकराला उत्पला आली. सायकल लावली, आत आली, कागद बघितला.

"हे पुण्याचं?"

"हो. तू नको म्हणालीस तर मी बळजबरी करणार नाही. पण मुंबईला मी हो म्हणणार नाही. ते माझ्याच्याने होणार नाही."

"म्हणजे पुणे नाहीतर काहीच नाही."

"असंच झालंय ते."

"ही काय चॉइस आहे?"

"नाहीये," सविता म्हणाली.

उत्पला परत दारापर्यंत गेली. बाहेर एक बाई पोराला घेऊन आली, आतलं वातावरण बघून पायरीवरच थांबली. मग उत्पलाने मागे येऊन चपला काढल्या, कागदावर पाय ठेवला आणि भिंतीचा आधार न घेता सरळ उभी राहिली, बॅले मॅडमनी शिकवल्यासारखी.

सविता जमिनीवर बसली. पेन्सिल टाचेपासून निघाली. सवयीने हात बाहेर सरकायला लागला, पावलापासून पाव इंच लांब. तिने तो थांबवला. पेन्सिल उभी धरून, कातडीला टेकवून ती पुढे नेली. सुटलेल्या नखाशी आल्यावर उत्पलाने ओठ चावला, पण पाय हलवला नाही.

"नीट लाव," ती म्हणाली. "चिकटून."

"लावतेय."

बारा वाजता फोन वाजला. जुबेदाने नाव वाचून दाखवलं. सविता दुसऱ्या पायाच्या करंगळीपाशी होती. "सांगा, नाही म्हणून," ती म्हणाली. जुबेदाने फोन उचलून तेच सांगितलं, आणि पलीकडून काही आलं असावं, कारण ती म्हणाली, "नाही नाही, वरी कोणी करत नाहीये."

कागद गुंडाळून झाल्यावर उत्पला सायकलवर बसून निघून गेली. आईकडे न बघता. संध्याकाळी बोलेल की नाही, सांगता येत नव्हतं. सविताने कागद उलगडला, दोन्ही पावलं पुन्हा पाहिली, पुन्हा गुंडाळला.

पायरीवरची बाई पोराला पुढे ढकलत आत आली.

"ताई, पाचवीत जातोय. वाढत्या अंगाचं शिवा हं."

सविताने टेप उचलला. पोराच्या छातीभोवती फिरवला, आकडा वाचला आणि वही हातात घेऊन तशीच उभी राहिली. किती लिहावं ते तिला क्षणभर सुचेना.